लायलॅकची भुरी आणि करपा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या थंड प्रदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात लायलॅक असते, आणि मोगरा, जाई व पारिजातक यांच्याच कुळातले हे झुडूप मे महिन्यात फुलले की माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. त्याच्या पानांचे दोन रोग ऋतूवरून ओळखावेत: वसंतात पाने काळी पडली तर करपा, उन्हाळ्याच्या अखेरीस पांढरी पडली तर भुरी.

रॉचेस्टरजवळच्या आमच्या घरी एका ऑगस्टमध्ये पाने पिठात घोळल्यासारखी झाली, तेव्हा ती रस्त्याची धूळ समजून मी दोन आठवडे धूत राहिले. शेवटी निफाडला द्राक्षबाग असलेल्या मामांना मी ती व्हिडिओवर दाखवली. मामा म्हणाले, "अगं, ही भुरी आहे. धूळ अशी गोल डागांनी बसते होय?" ते औषध सांगतील म्हणून मी कागद-पेन घेऊन बसले होते; त्यांनी मात्र झुडपाच्या आत कॅमेरा न्यायला लावला आणि खोडांची दाटी पाहून विचारले, "यात वारा शिरतो कुठून?" द्राक्षावर भुरी आली तर मणी तडकतात आणि हातचे पीक जाते, त्यामुळे मामांचा जन्म फवारणीत गेला आहे; पण लायलॅकचे तिने फारसे बिघडत नाही, कारण ती वाढते तोवर पानांचे वर्षाचे काम बहुतेक उरकलेले असते, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग फवारू नकोस. विरळ कर."

पुढच्या वर्षी फुले गळताच सर्वांत जुनी एक तृतीयांश खोडे मी जमिनीलगत कापली, आणि त्या ऑगस्टमध्ये भुरी सावलीतल्या थोड्या पानांपुरतीच राहिली. पुन्हा सांगते, छाटणी फुले गळताच करावी, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच उन्हाळ्यात धरतात. शरदात झुडपाला चेंडूसारखा गोल आकार देण्याची इथली हौस मला म्हणूनच मनापासून खटकते.

करपा हा जिवाणूचा रोग असून थंड, पावसाळी वसंतात तो बळावतो: पानांवर पिवळ्या कडेचे तपकिरी ठिपके पडतात आणि कोवळे शेंडे काळे होऊन वाकतात. असा शेंडा कोरड्या दिवशी, रोगट भागाच्या फूटभर खाली कापावा आणि प्रत्येक कापानंतर कात्रीचे पाते सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावे. नत्रयुक्त खत जास्त घालू नये, कारण त्याने येणारी लुसलुशीत पालवी करप्याला लवकर बळी पडते.