शाळा सुटल्यापासून पाळी सुटेपर्यंत

सोलापुरातल्या शाळांच्या पालकसभांमध्ये हल्ली एक विषय सभा संपल्यावर निघतो. सभेत परीक्षा, गणवेश, पोषण आहार आणि शौचालयाची दुरुस्ती यांवर बोलणे होते, सह्या होतात, आणि मग फाटकाबाहेर गाड्या काढता काढता कोणीतरी आवाज खाली आणून विचारते, "तुमच्याकडेही ती पोरं येऊन थांबतात का हो?" विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनाही ते ठाऊक असते. तरीही हा प्रश्न सभेत कोणी मांडत नाही, कारण मांडणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत टपरीवर पोहोचेल, अशी सर्वांची खात्री असते.

ही पोरे बहुधा अठरा ते पंचवीस वर्षांची असतात. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेला ती समोरच्या टपरीवर मोटारसायकली आडव्या लावून बसतात. त्यांचा एक दादा असतो, त्याच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागतो, रात्री बारा वाजता रस्त्यावर तलवारीने केक कापला जातो आणि सकाळपर्यंत त्याचे रील शाळेतल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचलेले असते. अशा फलकांच्या तळाशी शुभेच्छुकांच्या छोट्या छोट्या फोटोंची एक रांग असते. या माहितीपटात पडद्यावर आपण तिच्यातले चेहरे मुद्दाम झाकले आहेत, कारण त्यांतले काही नववी-दहावीतल्या मुलांचे आहेत. आपला मुलगा कोणाच्या सोबत आहे हे कित्येक आईवडिलांना पहिल्यांदा कळते ते कामावर जाताना अशा फलकाखालून, सिग्नलला थांबल्यावर.

सुरुवात गुन्ह्याने होत नाही, आणि पालकांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. सुरुवात वडापावने होते, मोबाइलच्या रिचार्जने होते, मोटारसायकलवरच्या एका फेरीने होते. वर्गात कोणी खुन्नस दिली, कोणी स्टेटसवर काही लिहिले, मिरवणुकीत नाचताना धक्का लागला, की "सांग भाईला" हा सल्ला तयार असतो. भाई येतो, समोरच्या मुलाला दम देतो, आणि आजवर ज्याला कोणी विचारत नव्हते त्या मुलाकडे दुसऱ्या दिवशी सारा वर्ग वळून पाहतो. चौदा वर्षांच्या मुलासाठी ही फार मोठी कमाई आहे. तिची परतफेड नंतर मागितली जाते. एखादी पुडी अमुक ठिकाणी नेऊन द्यायची, कोण कुठे उभा आहे हे फोनवर कळवायचे, आणि कधी कापडात गुंडाळलेला कोयता दोन दिवस दप्तरात ठेवायचा. मुलगा कचरला की त्याला एकच वाक्य ऐकवले जाते: "तुला काय होत नाही, तू अल्पवयीन आहेस."

या वाक्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत. त्याआधी शहराचे घड्याळ पाहायला हवे.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव होते. जुनी मिल, लक्ष्मी मिल, विष्णू मिल, नरसिंग गिरजी मिल यांच्या भोंग्यांवर घराघरांतला दिवस चाले. गिरणीत आठ तासांची पाळी, ठरलेला पगार आणि मागे युनियन असे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चादर आणि टॉवेल विणण्याचे काम यंत्रमागावर राहिले, आणि तिथे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. पूर्व भागातल्या हजारो बाया विड्या वळतात. पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला त्यांना रोज खेटे घालावे लागतात. देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवणारे कारखानेही याच शहरात आहेत, आणि हंगामात त्यांतली शिलाई यंत्रे उशिरापर्यंत थांबत नाहीत. शाळा पाच-साडेपाचला सुटते. वडिलांची पाळी आठला सुटते, किंवा आठला सुरू होते. मधले दोन-तीन तास मूल कोणाच्या नजरेखाली असते, या प्रश्नाला शहरातल्या कितीतरी घरांत "कोणाच्याच नाही" हेच खरे उत्तर आहे. टपरीवरच्या दादाला हे उत्तर आपल्या आधी कळलेले असते. मुले बिघडतात ती आईवडिलांच्या हलगर्जीपणामुळे, असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा यंत्रमागावर पूर्ण पाळी उभे राहून पाहावे आणि मग बोलावे.

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका वस्तीत आपण आता आहोत. इथे विड्या वळणाऱ्या एका माउलीचे नाव आणि चेहरा आपण दाखवणार नाही. मांडीवर सूप, सुपात कातरलेली तेंदूची पाने, चिमटीत तंबाखू, आणि बोलता बोलताही न थांबणारी बोटे, एवढेच दाखवू. तिचा मुलगा नववीत आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या पायांत नवे बूट दिसले, तेव्हा मित्राचे आहेत असे तो म्हणाला. मग मोबाइलमध्ये दुसरे सिम आले. मग घरात शिरण्याआधी कोपऱ्यावर उभे राहून फोनवर बोलण्याची सवय लागली. आई दाराशी आली की बोलणे तेलुगूतून मराठीत आणि मराठीतून एकदम "बरं, बरं" वर येते, हेही तिने टिपले आहे. तिने शाळेत जाऊन विचारले. सरांनी सांगितले, "आक्का, त्याला जरा आवरा, नाहीतर दाखला द्यावा लागेल." पोलिसांत जावे, तर मुलाचेच नाव लिहून घेतील ही भीती. शेजारी बोलावे, तर सातवीतल्या मुलीचे पुढे कसे व्हायचे ही भीती. नवऱ्याला सांगितले, तेव्हा त्याने मुलाला पट्ट्याने मारले, आणि त्या रात्री मुलगा घरी आला नाही. आता तिचा विचार ठरत आला आहे, आणि ऐकणाऱ्याच्या काळजाला तोच लागतो: ती मुलीची शाळा सोडवणार आहे. मुलीच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ती टपरी आहे.

या विषयाच्या बातम्यांत वार करणारे मुलगे दिसतात, वार झेलणारे मुलगे दिसतात. ज्यांची शाळा या भीतीपायी सुटली त्या मुलींची बातमी होत नाही, कारण त्या दिवशी कुठेही काही घडलेले नसते. शाळेच्या पटावरून एक नाव उतरते, एवढेच.

आता त्या वाक्याकडे येऊ: "तू अल्पवयीन आहेस, तुला काही होत नाही." हे वाक्य अर्धे खोटे आहे, आणि जेवढे खरे आहे तेवढ्याचा फायदा घेणारा मोठा माणूस कायद्याच्या तावडीतून सुटत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 नुसार, गुन्हा करवून घेण्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला किमान 3 आणि कमाल 10 वर्षांचा कारावास होऊ शकतो. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 83 मध्ये टोळीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. बेकायदा कृत्यांसाठी, एकट्याने असो वा टोळीने, मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपये दंड अशी ती तरतूद आहे. मुलाच्या हाती दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यासाठी त्याच कायद्याचे कलम 77 आहे, आणि मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थांची ने-आण करवून घेणाऱ्यासाठी कलम 78 आहे. अमली पदार्थांची धास्तीही उगाच नाही. 2023 मध्ये सोलापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन म्हणजेच एमडी या अमली पदार्थाचा साठा आणि तो बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला, आणि एमडी हे नाव मुंबईच्या बातम्यांतून आपल्या उंबऱ्यापर्यंत आले.

राहिला प्रश्न मुलाचा. सोळा वर्षांवरच्या मुलाकडून खुनासारखा निर्घृण गुन्हा घडला, तर बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. म्हणजे "काही होत नाही" हे दादाचे आश्वासन ऐन वेळी फोल ठरते. मात्र त्या टोकाला जाण्याआधी कायदा मुलाला सावरण्याच्या बाजूने उभा आहे, आणि पालकांना नेमके हेच कोणी सांगत नाही. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत मंडळासमोर हजर करावे लागते, त्याचे नाव किंवा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, अशी कायद्याची सक्ती आहे. ठाण्यात पाऊल ठेवल्यावर ठाणे अंमलदारापाशी भीत भीत गाऱ्हाणे सांगण्यापेक्षा, या अधिकाऱ्यांना भेटायचे आहे असे थेट म्हणावे. आपल्या मुलाकडून कोण काय करवून घेते आहे ही तक्रार त्या मोठ्या माणसाविरुद्ध असते. ती घेऊन जाणारी आई स्वतःच्या मुलाला पकडून देत नसते.

पोलिसांनीही एक गोष्ट मनावर घ्यावी असे आम्हाला वाटते. अनेक शहरांत आरोपी तरुणांची भर रस्त्यातून धिंड काढण्याची प्रथा पडली आहे, आणि तिला टाळ्याही पडतात. परंतु त्या धिंडीची चित्रफीत दुसऱ्या दिवशी गाणे लावून त्याच पोरांच्या स्टेटसवर फिरते, आणि चौदा वर्षांची मुले ती कौतुकाने पाहतात. जरब बसवायला काढलेली धिंड अशा रीतीने दादाचा मोठेपणा वाढवून जाते.

सोलापूरकरांनी या विषयात आणखी एका बाबतीत जपून बोलायला हवे. या शहरात सेटलमेंट नावाची वसाहत आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्या जमातींत जन्माला आलेल्या मुलालाही गुन्हेगार ठरवले. अशा वसाहतींत तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली, त्यांची हजेरी घेतली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. बोलण्यातून मात्र तो पुरता गेलेला नाही. आजही एखादी चोरी झाली की विशिष्ट वस्त्यांची नावे आधी घेतली जातात, आणि "त्या भागातली मुले आमच्या शाळेत नकोत" असे म्हणणारे पालक भेटतात. टपऱ्या, फलक आणि तलवारीचे केक शहराच्या सगळ्या पेठांत आहेत, जुळे सोलापुरातल्या बंगल्यांच्या गल्ल्यांतही आहेत. एका वस्तीवर शिक्का मारला की बाकीच्या पालकांना हायसे वाटते, आणि शिक्का बसलेल्या वस्तीतल्या मुलाला आपला म्हणणारा टपरीवरचा दादा तेवढा उरतो.

शाळांची अडचण खरी आहे, पण त्यांनी शोधलेला मार्ग चुकीचा आहे. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत ते संरक्षण संपते. मुलगा दादाच्या सर्वांत जवळ जातो त्याच वर्षी शाळेला त्याच्या हातावर दाखला ठेवता येतो, आणि दाखला मिळालेला मुलगा दिवसभर टपरीवर बसायला मोकळा होतो. दाखल्याऐवजी शाळेने आपल्या फाटकापासून सुरुवात करावी. शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा ती टपरी तिथे आहे कशी, हे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती महापालिकेला व पोलिसांना लेखी विचारू शकतात. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. एकट्या बाईने तोंड उघडले तर तिचे नाव होते. समितीचा ठराव गेला तर कोणा एकाचे नाव होत नाही.

याच जिल्ह्यात एक काम झालेले आहे, त्याची आठवण ठेवावी. 2021 मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना हातभट्टीच्या दारूविरुद्ध 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू झाले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे छापे पडत होते आणि भट्ट्या पुन्हा पेटत होत्या. या मोहिमेत छाप्यांबरोबर अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतले, घरोघर बोलणी केली आणि दारू सोडणाऱ्यांना दुसरा धंदा उभा करून देण्याचा प्रयत्न केला. त्यात वेळ गेला, माणसे गुंतली. शहरातल्या मुलांसाठी असेच चिकाटीचे काम लागणार आहे.

त्यासाठी लागणारी माणसे गल्लीतच आहेत. गणेशोत्सवाच्या आधी सोलापुरात संध्याकाळी लेझीमचा सराव सुरू होतो. ताशावर काठी पडते, लहान मुले मागच्या रांगेत आणि वयाने मोठे पुढच्या रांगेत उभे राहतात, आणि चुकलेल्या पावलाला साठीतले वस्ताद सगळ्यांसमोर थांबवतात. त्या दिवसांत तीच मुले, त्याच वेळेला, त्याच चौकात असतात, पण मोठ्यांच्या नजरेखाली असतात. मुलाला गट हवा असतो. तो गणेश मंडळाने दिला नाही तर टपरी देते. मंडळांनीही आपला फलक कोणाच्या हाती दिला आहे ते पाहावे, कारण वर्गणीच्या जोरावर दादाच मंडळाचा अध्यक्ष झाल्याची उदाहरणे पालक सांगतात.

म्हणून या माहितीपटासाठी भेटलेल्या पालकांची मागणी अगदी साधी होती. सीसीटीव्ही हवाच आहे, गस्तही हवी आहे. पण शाळा सुटल्यावर इमारतीला कुलूप लावू नये, दोन वर्ग आणि मैदान रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे, एक शिक्षक आणि वस्तीतली दोन जाणती माणसे पाळीपाळीने बसावीत, यंत्रमागावरून किंवा विडी कारखान्यातून सुटलेल्या आईवडिलांनी तिथूनच आपले मूल घरी न्यावे. याला लागणारा खर्च दोन दिव्यांचा आणि एका शिपायाच्या जादा वेळेचा आहे. ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याच्यासाठी 1098 ही चाइल्डलाइन आहे, तातडीच्या प्रसंगी 112 आहे. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करावा, त्याची पोच घ्यावी आणि एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला द्यावी.