रिग तीच, देश दुसरा

[दृश्य: कोथरूडमधल्या एका इमारतीची गच्ची. पाण्याच्या टाकीला बांधलेली अँटेनाची तार. खाली खोलीत उघडी प्रवासी बॅग.]

निवेदन:
कंपनीच्या कामासाठी पुण्याहून जर्मनीला, अमेरिकेला माणसं सतत जात असतात. बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लोणचं. काहींच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेला एक रेडिओ संच, म्हणजे ‘रिग’ही असते. हे हॅम, म्हणजे हौशीने रेडिओवरून जगाशी बोलणारे. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेले, ‘व्हीयू टू’ किंवा ‘व्हीयू थ्री’ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख-खूण, बाळगणारे.

हा परवाना सीमेपलीकडे आपोआप चालत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांनी ‘सेप्ट’ या तिथल्या दूरसंचार संघटनेच्या व्यवस्थेत एकमेकांचे परवाने मान्य केले आहेत, भारत तिच्यात नाही. त्यामुळे त्या त्या देशाची परवानगी निघण्याआधीच घ्यायची. पण परवानगी मिळाली तरी एक प्रश्न उरतो, तो गोंगाटाचा.

[ध्वनी: ४० मीटर बँडवरची, म्हणजे हॅमना दिलेल्या एका लहर-पट्ट्यावरची, जाड घरघर.]

ऐका. हॉटेलच्या खोलीत संच लावला की बहुतेक वेळा हेच कानावर पडतं. मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवा, लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर, छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर. या प्रत्येकात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं. त्याचा कचरा वायरिंगमधून भिंतीभिंतीत पसरतो आणि आपल्या तारेवर येऊन बसतो. दूरचा क्षीण सिग्नल त्याखाली बुडून जातो.

विजेच्या तारांवर ठिणग्या उडत असतील, तर घरघर वेगळी असते. तिचा सूर विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट. पुण्यात १०० हर्ट्‌झ, अमेरिकेत १२०. जपानमध्ये तर पूर्वेला ५० हर्ट्‌झची वीज आणि पश्चिमेला ६०ची, म्हणजे एकाच देशात दोन सूर. तयार कानाला एवढ्यावरून कळतं की दोष खोलीत शोधायचा की रस्त्यावरच्या खांबावर.

[दृश्य: बॅटरीवर चालणारा संच. एक हात भिंतीतले प्लग एकेक काढतो आहे.]

उपाय साधा आहे, फक्त चिकाटी हवी. संच बॅटरीवर चालवायचा आणि खोलीतले प्लग एकेक करून काढत जायचं. ज्या क्षणी एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काटा खाली येतो, त्या क्षणी चोर सापडला. ज्या वायरी काढता येत नाहीत, त्यांचे गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यातून काही वेढे घ्यायचे. अँटेना मात्र शक्यतो भिंतीपासून दूर, मोकळ्यावर. सुटी लिथियम बॅटरी विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, आणि १०० वॉट-अवरच्या आत असेल तर सहसा वेगळी परवानगी लागत नाही.

इथपर्यंतची काळजी बहुतेक हॅम घेतात, कारण हा त्रास स्वतःला ऐकू येतो. आपण दुसऱ्याला देतो तो त्रास आपल्या हेडफोनमध्ये वाजत नाही, आणि परदेशात जास्त जपायचं ते तिथेच.

[दृश्य: जगाचा नकाशा, तीन रंगांत.]

रेडिओ लहरींच्या वाटपासाठी जगाचे तीन विभाग केले आहेत. युरोप-आफ्रिका पहिल्यात, दोन्ही अमेरिका दुसऱ्यात, भारत तिसऱ्यात. अमेरिकेत ४० मीटर बँड ७.३ मेगाहर्ट्‌झपर्यंत जातो. भारतात आणि जर्मनीत तो ७.२ला संपतो, पुढे प्रसारण केंद्रं. २ मीटर बँड अमेरिकेत १४८पर्यंत, जर्मनीत १४६पर्यंतच. अमेरिकेत २२२ ते २२५ मेगाहर्ट्‌झ हा हॅमचा पट्टा. अमेरिकेत घेतलेल्या तीन बँडच्या हँडहेल्डचं, म्हणजे हातात धरायच्या संचाचं, बटण युरोपात त्या पट्ट्यावर दाबून बोललो, तर आपण थेट तिथल्या डिजिटल रेडिओ प्रसारणाच्या बँडमध्ये घुसतो. संच आपल्याला अडवत नाही. त्याला देश कळत नाही.

नियमात राहूनही शेजाऱ्याला त्रास होऊ शकतो. युरोपात गाड्यांच्या रिमोट किल्ल्या बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर चालतात आणि ही जागा जर्मनीतल्या हॅम बँडच्या आतच येते. आपण तिथे बोलत राहिलो, तर पार्किंगमधल्या माणसाची गाडी उघडत नाही. कायदा हॅमच्या बाजूने असला, तरी पाहुण्याने दुसरी फ्रीक्वेन्सी घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

परतीच्या सामानाचंही तेच. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झवर चालणारी लोरा उपकरणं, म्हणजे कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारे संच, सहज मिळतात. त्या पट्ट्याचा खालचा अर्धा भाग भारतात मोबाईल फोन टॉवरशी बोलण्यासाठी वापरतात. भारतात अशा उपकरणांसाठी ८६५ मेगाहर्ट्‌झपासूनचा वेगळा पट्टा आहे; विकत घेतानाच तो पाहून घ्यावा.

[दृश्य: नारायणगावजवळ खोडद. उसाच्या शेतापलीकडे वळणाऱ्या डिश.]

पुणेकरांना हे सगळं जास्त जवळचं वाटायला हवं. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. आजूबाजूला रेडिओ गोंगाट कमी, हे जागा निवडण्याचं एक मोठं कारण होतं. तिचा एक रिसीव्हर २५० ते ५०० मेगाहर्ट्‌झ ऐकतो, आणि भारतीय हॅमचा ४३४ ते ४३८चा बँड नेमका त्यातच पडतो. जर्मनीहून पुण्यात आलेला हॅम जुन्नरच्या किल्ल्यांवर हँडहेल्ड घेऊन चढणार असेल, तर त्याला निघण्याआधी हे सांगायचं काम आपलं. त्याच्या घरचा ४३३.५चा कॉलिंग चॅनेल, जिथे हॅम एकमेकांना हाक देतात, तो आपल्या बँडमध्ये बसत नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकावं.