स्क्रममध्ये वजन किती आणि पाय किती?

मित्रहो, क्रीडाशिक्षकांच्या या शिबिरात मला शालेय संघाचा स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांनी वाकून, एकमेकांना भिडून लावलेला रेटा, कसा सुधारावा यावर बोलायचे आहे, आणि रग्बीचे नाव निघताच आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर वर्गातली सर्वांत धष्टपुष्ट आठ मुले उभी राहिली असतील. माझी तक्रार तिथूनच सुरू होते: आपण वजनकाटा पाहतो, मुलाची पाठ पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी भर पावसात सामन्याहून परतताना आमची बस चिखलात रुतली. सकाळी ज्यांना एकही स्क्रम धड टिकवता आला नव्हता, ते माझे आठही फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये उतरणारे खेळाडू, बसवर राग काढायला उत्साहाने खाली उतरले. (हशा) कोणी खिडकीचे गज धरले, कोणी नुसत्या तोंडाने जोर लावला. बस तसूभरही हलेना. अखेर चालकमामा वैतागून उतरले आणि म्हणाले, “आधी पाय रोवा, आणि मी ‘हां’ म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही.” त्यांनी प्रत्येकाचे गुडघे वाकवून घेतले, पाठीवर थाप मारून ती सपाट केली, आणि तिसऱ्या ‘हां’ला बस निघाली. तिने उडवलेला सगळा चिखल माझ्या इस्त्रीच्या पांढऱ्या टी-शर्टवर आला. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मात्र माझ्याच खिशात होते.

पुढे मी शाळेकडे स्क्रम मशीन, म्हणजे रेटल्यावर मागे सरकणारे सरावाचे यंत्र, मागितले, तेव्हा “कुंपणाची भिंत आहे की” असे उत्तर मिळाले. भिंत मागे सरकत नाही, त्यामुळे जोर लावल्यानंतरचे आखूड पाऊल तिच्यावर शिकवताच येत नाही, हे मी अजूनही सांगतोच आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय आता धावतच घेतो. सरावाची सुरुवात एकास एक अशी करा, मग तिघांस तिघे, मग पाच, आणि आठ जण सर्वांत शेवटी. खांदे कंबरेखाली जाऊ देऊ नका आणि नजर वर ठेवायला लावा, कारण इथे प्रश्न मानेचा आहे. पंचांच्या 2013 पासूनच्या ‘क्राउच, बाइंड, सेट’ (वाका, धरा, भिडा) या हाकांपैकी दुसऱ्या हाकेला प्रॉपने, म्हणजे पुढच्या रांगेतल्या टोकाच्या खेळाडूने, समोरच्याची जर्सी पाठीवर किंवा कुशीपाशी धरायची. बाही किंवा दंड धरायचा नाही. दुसऱ्या रांगेतल्या लॉकचा खांदा प्रॉपच्या बैठकीखाली नीट बसला नाही, तर मागचा सगळा जोर बाजूला वाया जातो. एकोणीस वर्षांखालील सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा अधिक ढकलता येत नाही आणि तो 45 अंश फिरला की पंच थांबवतात, म्हणून मैदानभर रेटत नेण्याच्या सरावात मुलांची शक्ती घालवू नका. चेंडू आत येतानाच्या एका क्षणी आठही जणांचे पाय एकदम लागले पाहिजेत.

त्या क्षणाची हाक आमच्याकडे हुकर, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला खेळाडू, देतो, आणि तिचा शब्द अजून ‘हां’ हाच आहे.