बॅटरी किती अँपिअरची?

इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायला गेले की दुकानदार विचारतो, “दीडशे अँपिअरची देऊ की दोनशेची?” हा आकडा अँपिअरचा नसून अँपिअर-तासांचा असतो. १५० अँपिअर-तासांची बॅटरी साडेसात अँपिअरची धारा साधारण वीस तास पुरवू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. बोलण्याच्या सोयीसाठी ‘तास’ गळून पडतो आणि त्यासोबत एक गैरसमज मनात रुजतो, तो असा की बॅटरीत ठरावीक विद्युतधारा भरून ठेवलेली असते आणि तारा जोडल्या की ती बाहेर पडते. मी जी काही वर्षे शिकवले, त्यांत विद्यार्थ्यांना सर्वाधिक अडखळवणारी हीच समजूत आहे, म्हणून आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

बॅटरी धारा ठरवत नाही. तिच्यातील रासायनिक क्रियेमुळे तिच्या दोन टोकांत विभवांतर (म्हणजे व्होल्टेज, जे व्होल्टमध्ये मोजतात) निर्माण होते आणि धारा किती वाहील हे संपूर्ण परिपथातील (सर्किटमधील) रोध ठरवतो. येथे ‘संपूर्ण’ या शब्दाला महत्त्व आहे, कारण धारा बल्बातून आणि तारांतून जाते तशीच ती बॅटरीच्या पोटातूनही जाते आणि तेथेही तिला रोध होतो. आयनांना, म्हणजे विद्युतभार वाहणाऱ्या कणांना, विद्युत अपघटनीतून (आतल्या रासायनिक द्रावातून किंवा लगद्यातून) वाट काढावी लागते, शिवाय इलेक्ट्रोडांच्या, म्हणजे आतल्या दोन ध्रुवांच्या, पृष्ठभागावरील क्रियांनाही मर्यादा असतात. या सगळ्याला मिळून आपण अंतर्गत रोध म्हणतो.

या टेबलावर दोन पेन्सिल सेल आहेत, एक नवा आणि एक टॉर्चमधून काढून टाकलेला. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून दोन्ही मोजू. नवा १.५८ व्होल्ट दाखवतो, जुना १.३५. केवळ हे आकडे पाहून जुना सेल अजून बराच धडधाकट आहे असे कोणालाही वाटेल. आता प्रत्येकाला आळीपाळीने ३ ओहमचा रोधक जोडतो आणि तो जोडलेला असतानाच पुन्हा मोजतो. (बल्ब न घेण्याचे कारण असे, की तापल्यावर त्याच्या तंतूचा रोध कितीतरी पटींनी वाढतो आणि गणित बिघडते.) नवा सेल १.४४ व्होल्टवर येतो. जुना मात्र थेट ०.६० व्होल्टवर कोसळतो.

नव्या सेलच्या परिपथात धारा १.४४ भागिले ३, म्हणजे ०.४८ अँपिअर. आधीच्या मापनातून ०.१४ व्होल्ट कमी झाले, ते सेलच्या आतच खर्ची पडले, त्यांना ०.४८ ने भागले की अंतर्गत रोध सुमारे ०.२९ ओहम येतो. जुन्या सेलची धारा ०.२० अँपिअर, आत गमावलेले विभवांतर ०.७५ व्होल्ट, म्हणून अंतर्गत रोध ३.७५ ओहम, नव्याच्या जवळपास तेरापट. पहिल्या मापनात हे लपून राहिले, कारण मल्टिमीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे धारा जवळजवळ वाहतच नाही आणि आत काही गमावले जात नाही. टॉर्चने नाकारलेला हाच सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे कित्येक आठवडे चालतो, तोही याच कारणाने: घड्याळाला अगदी क्षणिक आणि काही मिलिअँपिअर एवढीच धारा लागते.

आता जाड तारेने नव्या सेलची दोन टोके थेट जोडली, तर बाहेरचा रोध जवळजवळ शून्य होतो. तरीही धारा अनंत होत नाही, १.५८ भागिले ०.२९, म्हणजे साडेपाच अँपिअरच्या आत तिला थांबावे लागते. ही सगळी शक्ती, साडेआठ वॉटच्या आसपास, बोटाएवढ्या सेलमध्येच उष्णता होऊन जाते. म्हणून हा प्रयोग घरी करू नका, आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या तारा सेलच्या टोकांना कधीही लावू नका. त्या वेळी मीटर जाड तारेसारखाच वागतो.

असे आठ सेल एकापुढे एक जोडले तर साडेबारा व्होल्ट मिळतात, मोटारीच्या बॅटरीइतकेच. पण त्यांवर मोटार सुरू होणार नाही, कारण व्होल्टबरोबर अंतर्गत रोधही आठपट होतो आणि कमाल धारा तीच, साडेपाच अँपिअरच्या आत राहते. मोटारीच्या स्टार्टरला दोनशे अँपिअर लागू शकतात. शिशाच्या रुंद, जवळजवळ बसवलेल्या प्लेटांमुळे मोटारीच्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या शंभराव्या भागाएवढा, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. तरीही दोनशे अँपिअरला त्या शंभरांश ओहमवर दोन व्होल्ट पडतात, आणि सेल्फ मारताना हेडलाइट क्षणभर मंद होतात ते म्हणूनच.

ओहमचा नियम शाळेत आपण बाहेरच्या रोधकापुरता शिकतो. स्वतः गेओर्ग ओहम मात्र १८२६ साली कोलोन येथे शिक्षक असताना हा नियम शोधत होता, तेव्हा त्याच्यासमोर अडचण नेमकी बॅटरीचीच होती, कारण त्या काळच्या घटांचे (सेलांचे) विभवांतर प्रयोग चालू असतानाच बदलत राही. त्याने बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचे जोड घेतले, एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला (अशा जोडांच्या तापमानांतील फरकातूनच विभवांतर निर्माण होते), आणि त्या स्थिर स्रोतावर वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा तपासल्या. त्याच्या मूळ सूत्रात छेदस्थानी दोन पदांची बेरीज आहे: एक तपासायच्या तारेच्या लांबीचे, आणि दुसरे स्रोतासह उरलेल्या परिपथाचे, जे तार बदलली तरी तसेच राहते. पाठ्यपुस्तकातील संक्षेपात हे दुसरे पद गळून पडले, याची मला नेहमी हळहळ वाटते.

इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली की प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसतो आणि अंतर्गत रोध वाढतो. वीज गेल्यावर दोन पंखे लावताच ती बसते. पंखे बंद केले की मीटर पुन्हा साडेबारा व्होल्ट दाखवतो. म्हणून जाणकार मेकॅनिक नुसत्या व्होल्टवर विसंबत नाही. तो जाड चिमट्यांचा लोड टेस्टर आणतो, काही सेकंद मोठी धारा ओढतो आणि काटा किती खाली उतरतो ते पाहतो.