चालतंय ना, मग राहू द्या?

(दृश्य: कॉम्प्युटरची मागची बाजू. धूळ, वायरी आणि प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये बसवलेलं प्लास्टिकचं लॉक.)

हे लॉक काढलं, की या दुकानातलं मराठी टायपिंग बंद. फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर ते आलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. सॉफ्टवेअर सुरू होताना आधी लॉक जागेवर आहे का ते बघतं, मगच पुढे सरकतं. आणि हे पोर्ट आजकालच्या मदरबोर्डवर सहसा नसतंच.

दुकान नाशिकचंच, रविवार कारंजाकडून अशोक स्तंभाकडे जाताना एका बोळात. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं. निवडणूक लागली की पत्रकं. मालकांना सगळे दादा म्हणतात. कॉम्प्युटर दोन. लॉकवाल्यावर विंडोज एक्सपी आणि पानं मांडायचं पेजमेकर. दुसऱ्यावर विंडोज १०. त्यावर ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेचं काम. या दुसऱ्याच्या स्क्रीनवर सारखी सूचना येते, की आता पुढच्या विंडोजवर चला.

महात्मा गांधी रोडवर दुकान असलेला हार्डवेअरवाला दर भेटीत विचारतो, "दादा, किती दिवस ढकलणार?"

दादांचं उत्तर ठरलेलं. "चालतंय ना, मग राहू दे. भाऊ, तुळशीचं लग्न लागलं की लोकांची लग्नं सुरू. आत्ता मशीन उघडलं आणि नीट बसलं नाही, तर पत्रिका काय हातानं लिहू?"

(दृश्य: स्क्रीनवर तारखा उमटतात.)

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. त्याचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, दिवाळी अगदी तोंडावर आलेली असताना. थांबले म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला नाही. १५ तारखेला सकाळीही तो रोजच्यासारखाच सुरू झाला, पत्रिकाही तशीच छापली. घोळ होतो तो इथेच. डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून काही झालंच नाही असं वाटतं.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट देतं. पुढच्या, म्हणजे विंडोज ११ मधलं, सुरक्षेचं एखादं भोक बुजवलं, की नेमकं काय बुजवलं हे हल्लेखोर उघडून बघतात. दहा आणि अकरा यांचा बराचसा कोड एकच असल्यामुळे तेच भोक दहामध्येही असण्याची शक्यता दांडगी. तिथे ते बुजवायला मात्र आता फुकट कोणी येणार नाही.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी व्हायरस जगभर पसरला. तेव्हा बोलबाला झाला एक्सपीचा, पण बळी पडलेले बहुतेक कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते. त्या भोकावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता. लोकांनी तो लावलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला. त्यानं इतर वाटांबरोबर तेच भोक वापरलं आणि जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. नाशिकची द्राक्षं आणि कांदा ज्या बंदरातून परदेशी जातात, तेच बंदर. तेव्हा "आपल्यासारख्या छोट्यांकडे कोण बघतंय" या म्हणण्यात फारसा दम नाही. हा व्हायरस कोणाकडे बघून येत नाही. दार उघडं सापडलं की शिरतो.

मग दादांचं "चालतंय ना" चुकीचं का? आमच्या मते अर्धं बरोबर आहे. कोणतं अर्धं, त्यासाठी पुन्हा लॉकवाल्या मशीनकडे यावं लागतं.

(दृश्य: कपाटात रचलेल्या सीडी. लेबलांवर लग्नसराईची वर्षं.)

या सीडींमध्ये गल्लीतल्या कित्येक घरांच्या पत्रिका आहेत. थोरलीच्या लग्नाची पत्रिका होती, आता धाकटीचं लग्न ठरलं. घरचे म्हणतात, "तोच मजकूर घ्या, फक्त नावं बदला." दादा जुनी फाइल उघडतात. हे काम दोन मिनिटांचं, पण फक्त याच मशीनवर.

कारण त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळीकडे एकच असलेल्या अक्षरसंकेतांचे, नव्हते. श्रीलिपी, आकृती, प्रत्येकाची आपापली मांडणी. फाइलमध्ये खरं तर इंग्रजीचे संकेत साठवलेले असतात आणि त्यावर मराठी अक्षरांचा पोशाख चढवण्याचं काम फॉन्ट करतो. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. जुन्या मजकुराचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पण रफार आणि जोडाक्षरं कुठे घसरली हे शेवटी माणसानंच तपासावं लागतं, आणि पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलेलं चालत नाही. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह केलेल्या फाइलला फॉन्ट लागत नाही, ती कुठेही छापता येते. मात्र अक्षरांचं चित्र झालेलं असल्यामुळे त्यातलं नाव टाइप करून बदलता येत नाही.

दुसरी अडचण बिटची, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात किती माहिती हाताळतो त्या मापाची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत. काही जुन्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरच १६ बिटचा असतो, त्यामुळे आतला प्रोग्राम चालण्याजोगा असूनही इन्स्टॉल होत नाही. ३२ बिटचे प्रिंटर ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्राम, तेही तिथे चालत नाहीत.

तेव्हा एक्सपीवाल्या मशीनला हात लावू नये. त्याला इंटरनेट नाही, हे उत्तमच. धोका आहे तो गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हचा. फोटो घेऊन आलेला माणूस पेनड्राइव्ह थेट त्याच मशीनला लावायला बघतो. तो आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन व्हायला हवा, एवढा एक नियम दुकानाला पुरे.

(दृश्य: अंबड एमआयडीसी. वायरकट मशीन, शेजारी तेलकट कीबोर्ड.)

अंबडच्या या वर्कशॉपमध्ये प्रश्न आणखी सोपा आहे. वायरकट, म्हणजे विजेच्या तारेनं धातू कापणारं मशीन, ज्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यात मशीन बनवणाऱ्याचं एक जुनं कार्ड बसवलेलं आहे. तसा स्लॉट आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर, दोन्ही नव्या कॉम्प्युटरमध्ये मिळणं मुश्कील. इथे अपग्रेडचा विचारच नको. इथली भीती व्हायरसपेक्षा हार्डडिस्कची, कारण ती वर्षानुवर्षं फिरतेय. तिचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून कपाटात ठेवला, तसाच एखादा जुना मदरबोर्ड हाताशी ठेवला, की विषय संपला.

कॅनडा कॉर्नरला एका सीएंच्या ऑफिसात तर हा विषय चर्चेलाही आला नाही. लोकांचे पॅन, जीएसटीचे पासवर्ड, सगळं काम ब्राउझरमध्ये. त्यांनी कॉम्प्युटरच बदलले. त्यांना ते परवडतं, हेही खरं.

पेच उरतो तो दादांच्या दुसऱ्या मशीनचा.

(दृश्य: हार्डवेअरवाला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरतो.)

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) जमणारं यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, लागतं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ४ जीबी ही कागदावरची अट. काम करायचं तर ८ धरा. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक नावाचा प्रोग्राम हे सगळं तपासून देतो. पण "टीपीएम नाही" असं दिसलं म्हणून लगेच कॉम्प्युटर भंगारात काढू नका. पुष्कळ मदरबोर्डवर ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाखाली सापडतं.

दादांचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा निघाला. तिथे बायोसचा उपयोग नाही.

"दादा, अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवून देतो. चालतं," हार्डवेअरवाला म्हणाला.

चालतं, हे खरं. पण अटीत न बसणाऱ्या कॉम्प्युटरला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुने काही प्रोसेसर सुरूच होत नाहीत. अपडेटसाठीच अपग्रेड करायचं आणि अपडेटचाच भरवसा नाही, हा व्यवहार बँकेच्या मशीनवर तरी करू नये.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमचाही पर्याय आहे. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, आधी चालवून बघता येतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या ठरावीक कीबोर्ड मांडणीनं युनिकोड मराठी त्यात सहज टाइप होतं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरला आम्ही तोच सुचवू. दादांना मात्र कोरल लागतं, म्हणून तो बाद.

राहता राहिली मुदतवाढ. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं असेल, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, किंवा सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू करायचा, मग पैसे पडत नाहीत. ही सोय वैयक्तिक वापराच्या कॉम्प्युटरसाठी आहे. कंपनीच्या डोमेनवरच्या, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरनं सांभाळलेल्या, कॉम्प्युटरचा हिशेब वेगळा आणि महाग. दादांचं मशीन अशा डोमेनवर नाही. त्यांनी नोंदणी करून टाकली, लग्नसराईची चिंता गेली. पण ही मुदत संपते ती २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर, आणि तेव्हा नाशिकमधल्या छपाईवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसणार. म्हणजे बदल करायचा तर त्याच्या आधी, पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत.

हार्डवेअरवाल्यानं सेकंडहँड आठव्या पिढीचं मशीन बघून ठेवलंय. दादांचा जीव अडकलाय तो प्रिंटरमध्ये: त्याचा ६४ बिट ड्रायव्हर अकरावर बसतो की नाही.

"भाऊ, मी प्रिंटर रिक्षात घालून तुझ्या दुकानात आणतो. त्याच्यावर एक पत्रिका काढून दाखव. मग पैशाचं बोलू."