हात धरून वाजवून घेऊ नका! कॅमेऱ्यावर वाजणारं वाद्य आणि आपली घाई

नमस्कार मंडळी! गॅदरिंग जवळ आलं की शिक्षकांचा आणि पालकांचा एकच प्रश्न सुरू होतो: 'मुलाला टिपरीसुद्धा धरता येत नाही, त्याला वादनात कसं घ्यायचं?' त्याचं एक चांगलं उत्तर म्हणजे एयूएमआय, अ‍ॅडॅप्टिव्ह यूज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट: शरीराची हालचाल कॅमेऱ्याने टिपून सूर वाजवणारं सॉफ्टवेअर.

न्यूयॉर्क राज्यात लीफ मिलर या ड्रमवादक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट अपंग मुलांना घेऊन वादन करायच्या. ज्यांना काठी पकडता येत नाही त्यांनीही वाजवावं, म्हणून संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस यांच्यासोबत २००७ मध्ये या सॉफ्टवेअरचं काम सुरू झालं. ते मोफत आहे, आयपॅडवर आणि संगणकावर चालतं.

मांडणी सोपी आहे. मूल कॅमेऱ्यासमोर बसतं, पडद्यावर त्याच्या नाकावर एक ठिपका लावायचा. नाक हललं की ठिपका हलतो, पडद्यावरच्या चौकोनात शिरला की सूर वाजतो. उजेड समोरून हवा. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळवंडतो आणि ठिपका सुटतो. उजेड नीट करूनही ठिपका सुटत असेल तर कपाळाला उठून दिसणारी टिकली लावा आणि ठिपका तिच्यावर ठेवा, कॅमेऱ्याला ठळक खूण मिळते. आणि नाकच हवं असं कुठे आहे? गुडघा हलत असेल तर कॅमेरा गुडघ्याकडे वळवा आणि ठिपका तिथे लावा.

सुरुवातीला दोनच चौकोन ठेवा. पुढे वाढवाल तेव्हा भूप रागाचे पाच स्वर घ्या: सा रे ग प ध. कोणताही स्वर कोणत्याही स्वरानंतर आला तरी कानाला खटकत नाही.

आता मुख्य मुद्दा. मूल पाच सेकंद थांबलं की मागून कुणीतरी त्याची मान वळवतं किंवा हात धरून हलवतं. कृपा करून हे करू नका!

कॅमेऱ्याला फक्त ठिपका सरकलेला दिसतो, कुणी सरकवला ते त्याला कळत नाही. सूर वाजतो, पण वाजवलेला असतो तुम्ही. 'मी हललो म्हणून आवाज आला' हे मुलाला उमगायचं राहून जातं.

शरीराच्या बाजूनेही बघा. सेरेब्रल पाल्सीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही त्या अवस्थेत, ठरवलेली हालचाल प्रत्यक्ष व्हायला वेळ लागतो. अनेक मुलांचे स्नायू घाईने, अचानक ओढल्याने उलट जास्त ताठरतात. म्हणजे तुमची मदतच हालचाल अडवते. मनात सावकाश वीस मोजा, मग हवं तर पुन्हा विचारा.

आणि संगीत म्हणूनही हे चूकच आहे. उपज करणाऱ्याने, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणाऱ्याने, कधी वाजवायचं आणि कधी गप्प बसायचं हे त्यानेच ठरवायचं असतं. मूल थांबलं असेल तर ती त्याची जागा आहे. तबलेवाल्याने ती लगेच भरून काढायची नाही, सगळ्यांनी ऐकायचं.

'पण हे खरं वादन आहे का?' अशी कॉमेंट हमखास येते. समोरच्याचं ऐकून मूल आपला सूर कधी टाकायचा हे निवडतंय ना? मग ते वादनच आहे. हार्मोनियमच्या पट्ट्या बोटांनी दाबल्या म्हणून ती जास्त खरी ठरत नाही.

स्पीकरचं सांगायचं राहिलं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. ब्लूटूथ स्पीकर नको, त्यात आवाज उशिरा येतो. मान आत्ता हलली आणि सूर नंतर आला तर दोन्हींचा संबंधच जुळत नाही. वायरचा स्पीकर घ्या आणि तो मुलाच्या अगदी शेजारी ठेवा, हॉलच्या कोपऱ्यात नाही. सूर त्याच्याकडून आला पाहिजे. ढोलकी बाजूला असेल तर तिने आवाज उतरवायचा. पाचेक मिनिटांनी विश्रांती द्या, मान दमते.

कॉमेंटमध्ये विचारताना एवढं जरूर लिहा: आयपॅड आहे की लॅपटॉप, आणि मूल कोणता अवयव स्वतःहून हलवतं. तेवढं कळलं की कॅमेरा कुठे ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.