निबंधातली नदी

अध्यक्ष महोदय, आणि ऐन वैशाखात जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

मला ‘परिच्छेदलेखन : मुद्दा, तपशील आणि भाष्य’ हा विषय देण्यात आला आहे. वेळ 45 मिनिटांचा होता, त्यातली 20 मिनिटे शाल, श्रीफळ आणि परिचय यांत गेली. तक्रार नाही, आपले विद्यार्थीही प्रस्तावनेतच निम्मे पान संपवतात, आणि ते कोणाकडून शिकले हे आता माझ्या लक्षात आले आहे.

दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारले जाते, हे आपणांस सांगायला नको. एका शाळेच्या सराव परीक्षेचे पेपर मी तपासत होतो. पहिल्या पेपरातले स्वमत वाचून मी खूश झालो, दुसऱ्यातले वाचताना थबकलो आणि पाचव्या पेपरापर्यंत ते मला पाठ झाले. बहुतेक सर्वांनी एकाच मार्गदर्शकातला परिच्छेद उतरवला होता, तोही छपाईतल्या चुकीसह. त्या वर्गात स्वमत एकमताने मंजूर झाले होते! आपण हसलात, परंतु पाठ केलेल्या त्या उत्तराला आपणच पूर्ण गुण देत आलो आहोत, आणि त्यात मीही आहे.

याच विषयावरचा माझा लाडका किस्सा यावल तालुक्यातल्या नववीच्या एका वर्गात घडला. ‘माझे गाव’ हा विषय दिला होता. पुढच्या बाकावरच्या मुलीने लिहिले, ‘माझे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे. गावाजवळून झुळझुळ नदी वाहते.’ मी तिला विचारले, “बाई, आता नदीला पाणी आहे का?” ती म्हणाली, “नाही सर, नदी तर आटेल आहे. पण निबंधात वाहती ठेवावी लागते ना.” तिचे उत्तर प्रामाणिक होते, खोटे होते ते आम्ही तिला शिकवलेले.

मग मी वही मिटायला लावली आणि गावात या दिवसांत काय चालते, ते नुसते सांगायला सांगितले. ती सांगू लागली. केळी निसवली आहे, घड उन्हाने पोळू नयेत म्हणून वडील त्यांच्यावर केळीचीच वाळलेली पाने गुंडाळतात. तापलेला वारा अडावा म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावली आहे. वीज रात्री येते, म्हणून पाणी भरायला बॅटरी घेऊन रात्रीच जावे लागते. झुळझुळ नदीवाल्या त्या मुलीकडे एवढा माल होता आणि त्यातले एक अक्षर वहीत उतरले नव्हते, कारण ‘असले’ निबंधात चालते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

तिने पुन्हा लिहिले. आता तपशील होता, पण परिच्छेदाचा शेवट ‘आपण सर्वांनी शेतकऱ्याचा आदर केला पाहिजे’ असा होता. हे भाष्य नव्हे, हा उपदेश आहे. तो भिंतीवरच्या सुविचाराशेजारी शोभेल. मी घड गुंडाळण्याच्या वाक्यावर बोट ठेवले आणि दोनदा एवढेच विचारले, “बरं, मग?” पहिल्यांदा ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा तिने लिहिले, ‘घड पोळला तर व्यापारी भाव पाडतो. स्वतःचे डोके पोळण्यापेक्षा वडिलांना ते जास्त लागते, असे मला वाटते.’ हे वाक्य कुठल्या मार्गदर्शकात मिळणार?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेला विषय अजून पुढेच आहे. तेव्हा थोडक्यात सांगतो. तपशील म्हणजे दुसऱ्या कोणालाही जाऊन पाहता येईल असे काही. भाष्य म्हणजे ते पाहून लिहिणाऱ्याला जे कळले किंवा वाटले ते. मुले तपशीलच शब्द फिरवून पुन्हा लिहितात आणि त्याला भाष्य समजतात. तिथे ‘बरं, मग?’ हा प्रश्न उपयोगी पडतो. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या शिक्षिका जेन शॅफर यांनी एका तपशिलामागे भाष्याची किमान दोन वाक्ये, असे प्रमाण शिकवले. नवशिक्याला ते पांगुळगाड्यासारखे उपयोगी आहे. मात्र दहावीतही मूल पांगुळगाडाच ढकलत राहिले, तर आपण पुन्हा मार्गदर्शकापाशीच येऊन पोचलो.

आणि हे सारे परदेशातून आणावे लागते, असेही नाही. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त 114 दृष्टांत आहेत आणि त्यांची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक अशी आहे. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरस्वामींचे, तर दृष्टांत सूत्राला कसा लागू पडतो हे उलगडणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. मुद्दा, तपशील, भाष्य! मराठी गद्य जन्मतःच जे करत होते, ते आपण ‘उपक्रम’ म्हणून राबवत आहोत. यावर मला खरे तर अर्धा तास बोलायचे होते.

दुसरी चिठ्ठी आली. आपल्या खुर्चीवर एक कागद ठेवला आहे. आज सकाळी घरून निघताना पाहिलेली एक गोष्ट त्यावर एका वाक्यात लिहावी, आणि शेजारच्याने दोनदा ‘बरं, मग?’ विचारावे. खाली मोजून दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. चहा त्यानंतर मिळेल.